पान उघडेना, व्हीपीएन सोडवेना

वाचकांचे प्रश्न : सार्वजनिक वाय-फाय आणि खाजगीपणा

या वेळच्या पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या रूपांत आली आहे. स्टेशन, विमानतळ, हॉटेल, वसतिगृह अशा ठिकाणच्या वाय-फायला आधी लॉगिनचं पान भरावं लागतं आणि व्हीपीएन (आपली रहदारी कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा), टॉर (अनेक सर्व्हरांतून वळसा घेऊन ओळख लपवणारं जाळं) किंवा सुरक्षित डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता कुलूपबंद मार्गाने विचारणं) वापरणाऱ्यांना ते पानच दिसत नाही. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : स्टेशनवर वाय-फाय जोडलं जातं, पण मोबाइल नंबर टाकायचं पान येत नाही. फोनवर व्हीपीएन कायम चालू असतं. गंमत म्हणजे ब्राउझरमध्ये बाकीच्या साइट्स मात्र व्यवस्थित उघडतात. व्हीपीएन काढून टाकण्याशिवाय उपाय नाही का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : काढून टाकायची गरज नाही. साइट्स उघडतात हेच तुमच्या अडचणीचं निदान आहे. त्या वाय-फायवरून उघडत नाहीत, मोबाइल डेटावरून उघडतात. वाय-फायला इंटरनेट आहे याची खात्री पटेपर्यंत अँड्रॉइड मोबाइल डेटा सोडत नाही. तुमचं व्हीपीएन त्याच डेटावरून जोडलेलं राहतं आणि ब्राउझरची प्रत्येक विनंती त्या मार्गाने बाहेर पडते. स्टेशनच्या राउटरपर्यंत ती पोचतच नाही, मग तो लॉगिनचं पान दाखवणार कुणाला?

हे पान येतं कसं ते कळलं की पुढचं सोपं आहे. वाय-फाय जोडल्याबरोबर फोन स्वतःहून एक साधी, कुलूप नसलेली (म्हणजे मजकूर सांकेतिक न केलेली) एचटीटीपी विनंती पाठवतो. अँड्रॉइड गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून २०४ हा उत्तर-क्रमांक येतो का ते पाहतो, आयफोन कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम या पत्त्यावर ‘सक्सेस’ हा शब्द शोधतो आणि विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढ्याच मजकुराची फाइल मागतं. ठरलेलं उत्तर आलं तर रस्ता मोकळा. त्याऐवजी राउटरने भलत्याच पानाकडे वळवलं, तर इथे लॉगिन लागतं हे फोनला समजतं आणि ‘वाय-फाय नेटवर्कमध्ये साइन इन करा’ अशी सूचना येते.

ही चाचणी आणि त्या सूचनेवर बोट ठेवल्यावर उघडणारी छोटी खिडकी, दोन्ही मुद्दामच व्हीपीएनच्या बाहेरून जातात. अँड्रॉइडमध्ये ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा’ हे चालू असलं तरीही चाचणी बाहेर जाते. मुलवाड या व्हीपीएन कंपनीने २०२२ मध्ये याला जाहीर आक्षेप घेतला होता. गूगलचं म्हणणं, हे ठरवूनच केलं आहे. तत्त्व म्हणून आक्षेप रास्त आहे, पण तुमचं काम याच फटीतून होणार आहे.

तेव्हा ब्राउझर उघडूच नका. सूचना आली असेल तर तिच्यावर टॅप करा. चुकून बाजूला सारली गेली असेल तर सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या यादीत जाऊन त्या नेटवर्कच्या नावावर टॅप करा, तीच खिडकी पुन्हा उघडते. तरीही नाही आली तर मोबाइल डेटा बंद करा, वाय-फाय बंद-चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. डेटा बंद असला तरी ओटीपीचा एसएमएस येतो, त्याला डेटा लागत नाही. ओटीपी वाचताना मेसेजचं ॲप उघडू नका, वरून सूचना ओढून वाचा किंवा कीबोर्डवर सुचवलेला आकडा घ्या. आयफोनवर लॉगिनची खिडकी सोडून दुसरीकडे गेलात तर ती बंद पडून सगळं पहिल्यापासून करावं लागू शकतं.

या सगळ्यानंतरही पान आलं नाही तर मात्र व्हीपीएन थोडा वेळ बंद करा आणि ब्राउझरमध्ये नेव्हर-एसएसएल (neverssl.com) ही साइट उघडा. ती मुद्दाम कुलूपाशिवाय ठेवलेली आहे, त्यामुळे राउटरला ती वळवता येते. बँकेची किंवा मेलची साइट टाकून उपयोग नाही, त्या एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूप लावलेल्या जोडणीवर, असतात आणि वळवायला गेलं की ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो.

एक सूचना. फुकटची मुदत संपल्यावर पैसे भरून प्लॅन घ्यायचा असेल तर यूपीआयचं ॲप त्या छोट्या खिडकीच्या बाहेर उघडतं. मोबाइल डेटा बंद असेल आणि व्हीपीएनशिवायची कनेक्शनं अडवलेली असतील, तर त्या ॲपला नेटच मिळत नाही आणि व्यवहार अर्धवट लटकतो. पैसे भरायच्या वेळी डेटा चालू ठेवा.

प्रश्न : लॉगिनपुरतं व्हीपीएन बंद केलं तर त्या दोन मिनिटांत नेमकं काय उघडं पडतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लोक समजतात त्यापेक्षा कमी, पण शून्य नाही. मेल, बँक, व्हॉट्सॲप यांचा मजकूर त्यांच्या स्वतःच्या कुलपात असतो, तो वाय-फायवाल्याला वाचता येत नाही. दिसतं ते असं : तुमचं यंत्र कोणकोणत्या साइट्सची नावं डीएनएसला विचारतंय, कोणत्या पत्त्यांशी बोलतंय आणि किती. व्हीपीएन बंद होताच मेलचा प्रोग्रॅम, क्लाउडची फाइल-जुळणी, चॅट, अपडेट हे सगळे एकदम बाहेर धावतात. तुम्ही कोणती कंपनी, कोणतं ॲप, कोणती बँक वापरता याची यादी राउटरच्या नोंदीत काही सेकंदांत तयार होते.

लॅपटॉपवर म्हणून क्रम महत्त्वाचा. वाय-फाय जोडण्याआधीच मेल आणि क्लाउडचे प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, नुसती खिडकी मिटवून भागत नाही. लॉगिनसाठी वेगळा ब्राउझर ठेवा, ज्यात ना टॅब, ना खाती, ना एक्स्टेन्शन. विंडोजमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ ठरवलं की वनड्राइव्ह आणि मोठे अपडेट बहुतेक वेळा थांबून राहतात. पान भरा, नेट सुरू झाल्याचं पाहा, लगेच व्हीपीएन चालू करा, मग बाकीचं.

आणि यंत्राचं नाव बदला. राउटरकडून पत्ता मागताना बरीच यंत्रं स्वतःचं नाव सांगतात, शिवाय आजूबाजूच्या यंत्रांनाही ते पुकारतात. नाव-आडनाव आणि पुढे ‘लॅपटॉप’ असं नाव ठेवलेलं असेल तर व्हीपीएन कितीही महागाचं घेतलं तरी ओळख आधीच देऊन झाली.

प्रश्न : लॅपटॉपवर वायरगार्ड हे व्हीपीएन वापरतो. हॉटेलमध्ये ‘ॲक्टिव्ह’ असं हिरवं दाखवतं, पण एकही पान उघडत नाही. लॉगिन करून झाल्यावरही तीच गत. सर्व्हर बिघडला म्हणावं तर घरी नीट चालतं.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वायरगार्डच्या ‘ॲक्टिव्ह’वर विश्वास ठेवू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या यंत्रावर टनेल (व्हीपीएन सर्व्हरकडे जाणारा कुलूपबंद मार्ग) उभं केलं आहे. पलीकडून कुणी उत्तर दिलं की नाही हे त्यातून कळत नाही. खाली ‘लेटेस्ट हँडशेक’ (सर्व्हरशी शेवटची ओळख कधी पटली) आणि ‘ट्रान्सफर’ (किती बाइट गेले-आले) या दोन ओळी बघा. हँडशेकची ओळच नसेल, पाठवलेले बाइट वाढत असतील आणि आलेले शून्य असतील, तर टनेल एका बाजूनेच बोलतंय.

लॉगिनच्या आधी हे होणारच. तुमच्या वायरगार्डच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये अलाउड आयपीज ०.०.०.०/० असणार, म्हणजे सगळी रहदारी टनेलमध्ये. डीएनएसचा पत्ताही टनेलच्या पलीकडचा. हॉटेलचा राउटर टनेलला जाऊ देत नाही आणि टनेल तुम्हाला राउटरच्या पानापर्यंत जाऊ देत नाही. विंडोजवर ‘ब्लॉक अनटनल्ड ट्रॅफिक’ची खूण असेल तर राउटरच्या पत्त्यावरचं पानही अडतं.

लॉगिननंतरही बंदच राहायचं कारण बहुधा वेगळं आणि जरा गमतीचं आहे. फाइलमध्ये सर्व्हरचा आकडी पत्ता न देता नाव दिलं असेल, तर वायरगार्ड त्या नावाचा पत्ता टनेल उभं करताना शोधतं. लॉगिनच्या आधी उभं केलंत तेव्हा हॉटेलच्या डीएनएसने त्या नावाला स्वतःच्या लॉगिन-पानाचा पत्ता दिला असेल. वायरगार्ड तोच धरून बसतं आणि लॉगिन झाल्यावरही हॉटेलच्या राउटरलाच सर्व्हर समजून हाका मारत राहतं. टनेल बंद करून पुन्हा चालू करा, नाव नव्याने शोधलं जाईल. फाइलमध्ये आकडी पत्ता लिहिलात तर हा घोळ मुळातच होणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवा : टनेल बंद, वाय-फाय जोडणी, लॉगिन, साधी एक साइट उघडून खात्री, मग टनेल. पान आपोआप आलं नाही तर विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा आकडा घ्या (१९२.१६८.१.१ किंवा १० ने सुरू होणारा असा काहीतरी) आणि तो ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका. पुष्कळ ठिकाणी लॉगिनचं पान तिथेच बसलेलं असतं.

एवढं करूनही हँडशेक येत नसेल तर हॉटेलने यूडीपी (नेटवर माहिती पाठवायची एक पद्धत) अडवला असण्याची शक्यता मोठी. वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं, सर्वसाधारणपणे ५१८२० या पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांकित दरवाजा). सेवा देणारा ५३ किंवा ४४३ पोर्टवर यूडीपी देत असेल तर ते करून बघा. तेही अडत असेल तर ओपनव्हीपीएन हे दुसऱ्या प्रकारचं व्हीपीएन टीसीपी (माहिती पाठवायची दुसरी पद्धत) ४४३ वर लावा, वेग पडेल पण ते अडवणं कठीण असतं. आणि हँडशेक येतो, छोटी पानं उघडतात, मोठी अर्ध्यावर अडकतात असं असेल तर फाइलच्या ‘इंटरफेस’ भागात एमटीयू (माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १४२० वरून १२८० वर आणा.

प्रश्न : अँड्रॉइडवर ‘खाजगी डीएनएस’मध्ये जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव टाकून ठेवलं आहे. काही कॅफेंत लॉगिन होतं, तरी ‘इंटरनेट नाही’. लॅपटॉपवरच्या फायरफॉक्सला तर लॉगिनचं पान कधीच सापडत नाही.
– एक वाचक, पणजी

उत्तर : फोनचं कारण सरळ आहे. नाव टाकून ठेवलं की फोन त्या एकाच सर्व्हरला, ८५३ या पोर्टवरून, कुलूपबंद मार्गानेच विचारतो. कॅफेच्या राउटरने तो पोर्ट बंद ठेवला असेल तर एकाही साइटचा पत्ता मिळत नाही. अशा ठिकाणी ‘ऑटोमॅटिक’ करा, बाहेर पडल्यावर नाव परत टाका. तेवढ्या वेळात जाहिराती दिसतील.

फायरफॉक्समध्ये तीन जागा तपासा. सुरक्षित डीएनएस ‘मॅक्स प्रोटेक्शन’वर असेल तर ब्राउझर साध्या डीएनएसकडे वळत नाही. ‘इन्क्रीज्ड’वर आणा. ‘एचटीटीपीएस-ओन्ली’ चालू असेल तर साध्या पानाआधी इशारा येतो, तिथे लॉगिनपुरतं पुढे जायला हरकत नाही. तिसरी जागा लोक विसरतात. आर्केनफॉक्ससारख्या तयार कडक सेटिंग्ज किंवा फायरफॉक्सवरूनच बनवलेला लिब्रवूल्फ ब्राउझर वापरत असाल तर लॉगिनचं पान ओळखायची चाचणीच त्यात बंद करून ठेवलेली असते. अबाउट कॉन्फिग (about:config) या सेटिंग्जच्या पानात ‘कॅप्टिव्ह-पोर्टल-सर्व्हिस’ शोधलंत की सापडेल. ती चालू करत बसण्यापेक्षा वर सांगितल्याप्रमाणे लॉगिनला वेगळा, साधा ब्राउझर ठेवलेला बरा.

प्रश्न : लॉगिन करताना ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं आलं. ‘तरीही पुढे जा’ दाबावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. वर म्हटलं तसं, एचटीटीपीएस साइट वळवायला गेलं की ही पाटी येते. फायरफॉक्सच्या ‘एचटीटीपीएस-ओन्ली’चा इशारा वेगळा. टॅब बंद करा, नेव्हर-एसएसएल उघडा आणि खरं लॉगिन-पान येऊ द्या. ते पान जर ईमेलचा पासवर्ड मागत असेल किंवा काही ‘प्रमाणपत्र’ बसवायला सांगत असेल तर ते वाय-फाय सोडून द्या. नंबर आणि ओटीपी यापलीकडे सार्वजनिक वाय-फायला काही द्यायचं कारण नसतं, हॉटेलात फार तर खोलीचा क्रमांक आणि आडनाव.

प्रश्न : पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. पेनड्राइव्हवरून टेल्स (सगळं टॉरमधून नेणारी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवते. वसतिगृहाच्या वाय-फायला लॉगिन लागतं आणि टॉर जोडलं जात नाही. जोडलं तर मी पूर्ण अनामिक असते ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : टेल्समध्ये सगळी रहदारी टॉरमधून जाते, म्हणून टॉर ब्राउझरला लॉगिनचं पान दिसूच शकत नाही. त्यासाठी टेल्समध्ये ‘अनसेफ ब्राउझर’ नावाचा वेगळा ब्राउझर असतो, जो टॉर टाळून थेट बाहेर जातो. सुरुवातीच्या ‘वेलकम स्क्रीन’वरच्या जादा सेटिंग्जमध्ये तो चालू असल्याचं बघा. वाय-फाय जोडा, अनसेफ ब्राउझरमध्ये लॉगिन करा, तो बंद करा आणि मग टॉर जोडा. त्या ब्राउझरमध्ये लॉगिनशिवाय एकही साइट उघडू नका, नावातच इशारा आहे.

तरीही टॉर अडलं तर घड्याळ बघा. टेल्स समजतं की लॅपटॉपच्या आतलं घड्याळ जागतिक वेळेवर आहे, विंडोज मात्र त्यात स्थानिक वेळ लिहून ठेवतं. आपल्याकडे त्याचा परिणाम म्हणजे टेल्सचं घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे. टॉरला इतका फरक चालत नाही. जोडणीच्या खिडकीत ‘आपोआप जोडा’ निवडलंत तर टेल्स वेळ स्वतः दुरुस्त करतं. ‘टॉर वापरतोय हे स्थानिक नेटवर्कपासून लपवा’ निवडलंत तर ब्रिज (टॉरमध्ये शिरण्याचा आडवाटेचा सर्व्हर) लागतो आणि वेळ अनेकदा हाताने लावावी लागते, वेळक्षेत्रासकट.

टेल्स दर वेळी वाय-फाय कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख-क्रमांक) बदलून दाखवतं. वसतिगृहाने ठरावीक मॅकनाच परवानगी दिली असेल तर जोडणी नाकारली जाईल. मग मॅक बदलणं बंद करावं लागतं, पण त्याचा अर्थ तुमचा लॅपटॉप नेटवर्कला ओळखू येणार.

अनामिकतेबद्दल : नाही. स्वतःच्या नंबरावर ओटीपी घेऊन आत आलात तर अमुक मुलीने अमुक वेळी नेट वापरलं हे वसतिगृहाकडे नोंदलेलं आहेच. ब्रिज नसेल तर टॉर वापरलं हेही. तुम्ही काय वाचलं, कुणाला लिहिलं, हे त्यांना कळत नाही. स्रोताशी बोलण्यासाठी हे पुरेसं आहे का, याचं उत्तर त्या बातमीवर अवलंबून आहे. त्या वसतिगृहात त्या वेळी टॉर वापरणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल तर नुसती वेळ जुळवूनही संशय तुमच्यापर्यंत येतो.

प्रश्न : आयफोन ऑफिसच्या पाहुण्यांच्या वाय-फायवर मधूनमधून पुन्हा लॉगिन मागतो. सहकाऱ्यांना असं होत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : राउटर तुम्हाला ओळखतो ते मॅक पत्त्यावरून. तो बदलला की त्याच्या लेखी नवा पाहुणा आला. आयओएस १८ पासून त्या नेटवर्कसमोरच्या ‘आय’ (i) चिन्हावर गेल्यावर ‘खाजगी वाय-फाय पत्ता’ला तीन पर्याय आहेत : बंद, स्थिर, बदलता. ‘बदलता’ असेल तर साधारण दोन आठवड्यांनी पत्ता पालटतो. ऑफिससाठी ‘स्थिर’ ठेवा, त्यातही खरा मॅक उघड होत नाही. स्टेशन-विमानतळाला ‘बदलता’च बरा.

प्रश्न : वाय-फायला मोबाइल नंबर कशाला हवा? आणि व्हीपीएन वापरणं आपल्याकडे गुन्हा आहे का?
– एक वाचक, औरंगाबाद

उत्तर : २००८ च्या बाँबस्फोटांच्या वेळी धमकीच्या ईमेल दुसऱ्यांच्या उघड्या वाय-फायवरून पाठवल्या गेल्या, त्यातली एक नवी मुंबईतून. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्यांना वापरणाऱ्याची ओळख ठेवायला सांगितलं. ओटीपी आला तो तिथून.

व्हीपीएन वापरण्यावर देशभर सरसकट बंदी नाही. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने तात्पुरते बंदी-आदेश काढले आहेत, तिकडे जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. कंपन्यांचं अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळलं. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन यांनी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर काढून घेतले. ग्राहक म्हणून तुम्हाला फरक जाणवतो तो वेगात, कारण सिंगापूरसारख्या ठिकाणी वळसा पडतो.

प्रश्न : मुलगी अमेरिकेतून येते, तिच्या नंबरावर इथल्या वाय-फायचा ओटीपी येत नाही. माझ्या नंबरावर घेऊन तिला दिला तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या चालतं, ओटीपी कुणी टाकला हे पान बघत नाही. पण नोंद तुमच्या नावाची राहते. घरच्या माणसासाठी ठीक, स्टेशनवर भेटलेल्या अनोळखी प्रवाशाने मागितला तर देऊ नका. काही मोठ्या विमानतळांवर पासपोर्ट स्कॅन करून वाय-फायचं कूपन देणारी यंत्रं असतात, चौकशी-खिडकीवर विचारायला सांगा. नाहीतर तुमच्या फोनचा हॉटस्पॉट तिला द्या. त्यात लॉगिनचं पानच नसतं, त्यामुळे तिचं व्हीपीएन पहिल्या सेकंदापासून चालू राहील.